थुंकलेली गोळी

डॉक्टरांनी दिलेली जंताची गोळी मी गिळली नाही, हे आधीच सांगून टाकतो. बायकोसमोर तोंडात टाकली, जिभेखाली धरली आणि बेसिनमध्ये थुंकली. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने हे केलं.

जंत मुलीला झाले होते, रात्रभर खाजवत बसायची. पण एकाला झाले तरी गोळी सगळ्या घराने एकाच दिवशी घ्यायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी मात्र मोबाइलवर वाचलं होतं, की पोटातल्या जंतांचा आपल्या आतड्यातल्या जिवाणूंवर परिणाम होतो. काही जंतांमुळे म्हणे जिवाणूंचे प्रकार वाढतात, आतली सूजही कमी होते. मला ॲसिडिटी जुनी. म्हटलं, आत कोणी फुकटात सेवा करत असेल तर त्याला हुसकायचं कशाला?

महिन्याभरात मुलीची खाज परत आली. बायको माझ्याकडे बघायच्या आत मी बोलून मोकळा झालो, "तुझ्या माहेरची कांद्याची पात. कच्चीच खाल्ली ना."

माहेर देवळ्याचं, घरचा कांदा. सासूबाई पातीची जुडी घेतल्याशिवाय कधी आल्या नाहीत. माझं बोलणं त्यांच्या कानावर गेलं, आणि पुढच्या खेपेला मात्र त्या बिस्किटांचा बंद पुडा घेऊन आल्या. मुलीने तो फोडायला पुढे केला, तर त्यांनी हात पदराखाली घेतला.

"तूच फोड माय. आमच्या हाताला जंत हायेत म्हणे."

दुपारचं जेवणही न घेता त्या बसने परत गेल्या. त्यानंतर बायकोने फोन केला, की सासूबाई दोनच वाक्यांत संपवू लागल्या.

मुलीला पुन्हा दवाखान्यात नेलं तेव्हा माझ्याने राहवलं नाही. डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते चष्मा काढून हसले.

"तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. पण कुठला जंत, कुणाच्या पोटात, याचा अजून अभ्यास चाललाय. तुम्ही तर थेट पाळणाघरच काढलंत. आणि हे बारीक जंत पातीतून कशाला येतील? नखांतून, चादरींतून घरातल्या घरात फिरतात."

गोळी त्यांनी समोरच गिळायला लावली आणि जीभ वर करून दाखवायला सांगितली.

बायको शेजारीच बसली होती. "अहो, ॲसिडिटी तरी गेली का?"

"नाही."

"मग गाडी काढा. देवळ्याला."

सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. 'या जावईबापू' म्हणाल्या, पण उठल्या नाहीत. मी चपला काढून खालच्या पायरीवर बसलो.

"आई, जंत तुमच्या पातीतले नव्हते. मी गोळी थुंकली आणि आळ तुमच्यावर घेतला. चुकलो मी. मला माफ करा."