निरांजन विझू नये म्हणून

घाईत लिहिलंय, टायपिंगच्या चुका पोटात घाला.

आज खंडेनवमी. विद्यापीठातल्या आमच्या केमिस्ट्रीच्या रिसर्च सेंटरमध्ये दरवर्षीसारखी यंत्रांची पूजा होती. मशीनना झेंडूचे हार, समोर निरांजन, आम्ही सगळे चपला काढून उभे. माझी लॅबमधली मैत्रीण प्रणाली काडी ओढायची आणि एक्झॉस्ट पंख्याच्या वाऱ्याने ती विझायची.

"पंखा बंद कर ना यार," ती म्हणाली. मी केला.

तिने पुन्हा काडी काढली आणि मला तो गोडसर वास आला. ईथर! पेट्रोलसारखं भडकतं ते. कुणीतरी त्याचं भांडं पंख्याजवळ उघडंच ठेवलं होतं. वाफ बाहेर ओढणारा तो पंखा मीच बंद केला होता.

मी किंचाळून तिचा हात धरला.

"पूजेत काय हा अपशकुन?" सर ओरडले. मग त्यांनाही वास आला. आम्ही अनवाणीच बाहेर पळालो.

आता मुलुंडला घरी आहे. आई म्हणतेय, देवाजवळ दिवा लाव. काडीपेटी दोनदा हातात घेतली, पण काडी ओढवत नाही.

तुमच्या लॅबमध्येही आज पूजा झाली असेल. पंखा चालू होता ना रे?