मुकादम मॅडमचं उघडं दार

मुकादम मॅडमच्या खोलीचं दार कधी लागायचंच नाय. खाली जांभ्या दगडाचा तुकडा सरकवलेला, कितीपण वारा येवो. ती विद्यापीठाच्या जर्नलची खोली. शिकलेली माणसं शोधून काढतात ते त्यात लिहितात, मग अंक निघतो, मोबाईलवर, फुकट. मी तिथं झाडूपोछ्याला, रोजावर. पोर तान्हं, नवरा मुंबईला, घरी ठेवायला कोण नाय. मॅडम म्हणाल्या, "आण गो इथं. प्रोफेसरांपेक्षा कमीच रडेल."

एकदा त्यांनी माझ्या मोबाईलवर एका पोरीचा लेख उघडून दिला. खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढणाऱ्या बायकांवरचा, नि त्यात माझ्या आयशीचं नाव! आयस गावात तोच लेख शेजारणींना दाखवत सुटली. मी विचारलं, "पैसे नाय पडत?" मॅडम म्हणाल्या, "खर्च विद्यापीठ करतं. मग वाचणाऱ्याकडून कशाला, नि लिहिणाऱ्याकडून तरी कशाला?"

मग आमच्या विभागाच्या मोठ्या साहेबांचा लेख आला. बाहेरगावच्या दोघा जाणकारांनी तपासला, दोघांनीपण नाकारला. साहेब खोलीत येऊन ओरडले, "जागा माझी वापरता नि माझाच लेख परत?"

मॅडम चहा ढवळत म्हणाल्या, "एक ओळखीवर घेतला ना सर, की बाकीचेपण खोटे वाटतात. त्या तिसऱ्यांच्या लेखावर कोण विश्वास ठेवील?"

दुसऱ्या दिवशी अंक निघायचा होता. तारखेच्या बाबतीत मॅडम कडक. म्हणायच्या, "तारीख चुकली की लोक वाट बघायचं सोडतात." त्याच सकाळी साहेबांनी मला जिन्यात गाठलं. "बाईंना बाहेर काढून खोलीला कुलूप घाल. नायतर उद्यापासून येऊ नकोस." मी धावत वर गेले, मॅडमना सांगितलं. त्यांनी मानपण वर केली नाय. "भितेस कशाला गो? अर्धा तास दे मला, अंक निघतो."

अर्धा तास कुठून देऊ? मी उंबऱ्यातच चादर घातली नि पोराला निजवलं.

साहेब आले. "उचल त्याला."

मी बोलले, "आत्ता निजलाय, सर. तुम्हीच उचला नि लावा दार."

जिन्यात कॉलेजची पोरं जमली, मोबाईल काढून व्हिडिओ घ्यायला लागली. साहेबांनी त्या मोबाईलांकडे बघितलं नि जिना उतरून गेले. आतून मॅडम ओरडल्या, "निघाला गो अंक!"

मॅडम आता रिटायर होऊन हर्ण्याला असतात. दगड नव्या मॅडमच्या हातात देऊन गेल्या, साहेबांच्या देखत. मला साहेबांनी खाली संडास धुवायला घातलं. घालूदे. अंकाच्या तारखेला मी हात पुसते नि मोबाईल उघडते. अंक आलेला असतो. माझ्या आयशीचं नाव त्या जर्नलात हाय. साहेबांचं अजून नाय.