खालचं बूच

आमच्या घरची वाटणी इतकी शांतपणे झाली की गावात आमचं नाव निघायचं. सासूबाई गेल्या, वर्षश्राद्ध उरकलं आणि दोघं भाऊ चार माणसांना घेऊन सोप्यात बसले. रान, विहिरीची पाळी, जनावरं, भांडी, सगळं वाटून झालं, पण आवाज म्हणून कुणाचा चढला नाही. धाकट्यानं म्हणायचं, "दादा, वरचं रान तुमी घ्या." आमच्या ह्यांनी म्हणायचं, "न्हाई, तूच घे. तुला मोटरीला जवळ पडंल." ऐकणाऱ्याला वाटावं, काय गुणाची माणसं! मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. आता वाटतं, त्या दिवशी एखादी परात जरी आदळली असती तरी बरं झालं असतं.

वाटायची राहिली ती एक जीप. सासऱ्यांनी घेतलेली, डिझेलवरची, रंग उडालेली. ती काही मधोमध कापता येत नव्हती. मग ठरलं की जीप दोघांची राहील, ज्याला लागेल त्यानं न्यावी. भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, रानात नवं घर बांधलं होतं. ते तिकडे गेले, आम्ही गावात राहिलो. तरी दर दोन-चार दिवसांनी ते जीप न्यायला नाहीतर सोडायला यायचे, चहा घ्यायचे, दोघं भाऊ बॉनेट उघडून उगीच आत बघत उभे राहायचे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची आणि मनात म्हणायची, ही चालतीय तोवर हे दोघं एकमेकांचे आहेत. ही बंद पडली की संपलं. कुणाला बोलले नाही, पण धास्ती होती ती एवढीच.

आणि बंद पडायची लक्षणं दिसायला लागली. एक दिवस ह्यांनी रेडिएटरचं झाकण उघडलं तर पाण्यावर दुधावर साय धरावी तसा तेलकट थर. ह्यांनी बोट बुडवून मला दाखवलं. मला काय कळतंय त्यातलं, पण पाण्यात तेल चांगलं नव्हे एवढं मलाही कळतं. उंब्रजच्या मिस्त्रीला दाखवलं. तो म्हणाला, ऑइल कूलर आतून फुटलाय. इंजिनाचं तापलेलं ऑइल पाण्यानं गार करणारी ती पेटी. ती फुटली की ऑइल पाण्यात जातं, आणि पाणी ऑइलमध्ये गेलं तर इंजिनाची वाट लागते. ह्या मॉडेलचा नवा कूलर आता मिळत नाही. "काढून टाका," म्हणाला. "फिल्टर ज्या ठोकळ्यावर बसतो त्या ॲडॉप्टरला दोन भोकं राहतील, एक वर, एक खाली. त्याला बूच मारा, तांब्याचा वायसर घालून गच आवळा. ऑइल आतल्या आत फिल्टरला जातं. उगा लय पळवू नका, मग चालतीय."

मिस्त्रीकडेच टाकली असती तर? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारलाय की आता त्याला अर्थ राहिला नाही. पण तेव्हा भाऊजीच म्हणाले, "दादा, आपणच करू की. आधी करतच व्हतो." आमच्या ह्यांचा चेहरा असा फुलला म्हणून सांगू. मला तर वाटलं, देवच पावला.

पूर्वी हे दोघं जीपखाली शिरले की अख्ख्या आळीला कळायचं. आमचे हे फौजेतून सुट्टीवर यायचे तेव्हा तर विचारूच नका. "पाना दे रं!" "हा न्हवं, मोठा!" "आवळलं का?" "आवळलं की!" "आवळलंस डोंबल, परत आवळ!" सासूबाई आतून ओरडायच्या की जेवायला या नाहीतर ताटं उचलते. कामाची पद्धतही ठरलेली. हे नट-बोल्ट हातानं बसवायचे, कारण ह्यांची बोटं सरळ, आटे चुकायचे नाहीत. पान्यानं शेवटचं आवळणं मात्र धाकट्याचं, त्याच्या मनगटात जोर. आणि आवळून झालं की हे विचारायचेच. विचारायचे, खोटं ठरवायचे, परत आवळायला लावायचे. त्यात रोज भांडण व्हायचं आणि काम पक्कं व्हायचं.

त्या रविवारी अंगणात जीप लावली. भाऊजी सकाळीच आले, जाऊ पण आली. आम्ही दोघी पोहे करत होतो आणि कान बाहेर होता. बाहेर आवाजच नाही! मी जाऊन बघितलं. हे खाली पोत्यावर आडवे, भाऊजी वरून वाकलेले. "तो पाना देतोस का जरा?" "घ्या दादा." "जमंल का हे?" "तुमी म्हणाल तसं." 'रं' गेलेला. 'आवळलंस डोंबल' गेलेलं. बँकेत दोन अनोळखी माणसं शेजारी बसली की बोलतात तसं बोलणं चाललेलं. मी जावेकडे बघितलं, तिनं माझ्याकडे बघितलं. "किती नीट चाललंय न्हाई," ती म्हणाली. मी व्हय म्हणाले आणि पोह्यांकडे वळले.

ऑइल काढलं, पाणी काढलं, कूलर सुटून आला. आतून गंजून चाळण झालेला. पाण्याचा पाइप ह्यांनी बाहेरच्या बाहेर जोडून टाकला. ॲडॉप्टर रॉकेलनं धुतला, नवं पॅकिंग घालून परत बसवला. मग दोन बुचं. दोन्ही ह्यांनी हातानं बसवली, वायसर घालून, पेस्ट लावून. वरचं ह्यांनी स्वतःच पान्यानं आवळलं. खालचं ठेवलं भावासाठी. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. "शेवटचं आवळणं त्याचं असतं," म्हणाले. "मी आवळलं असतं तर त्याला वाटलं असतं, आता आपल्याला कामातपण धरत न्हाईत." म्हणून पाना बुचाजवळ ठेवून हे हात धुवायला उठले. तोंडानं सांगितलं नाही. पूर्वी कधी सांगावं लागत नव्हतं.

आणि भाऊजी वाकले, बघितलं, दोन्ही बुचं बसलेली, पेस्ट बाहेर आलेली. त्यांना वाटलं, दादांनी दोन्ही आवळलीत. परत पाना लावला तर दादांना वाटंल, माझ्या कामावर ह्याचा भरवसा नाही. म्हणून त्यांनी पाना पुसून डब्यात ठेवला. हे मला जावेनं सांगितलं, तेही खूप उशिरा.

"आवळलं का?" एवढं दोघांपैकी एकानं विचारायचं होतं. पण विचारणं म्हणजे संशय घेणं, आणि वाटणी झाल्यापासून ह्या दोघांना एकमेकांवर संशय घेतल्याचं पाप नको होतं. माझं डोकं आजही ह्याच जागी सणकतं.

नवं ऑइल घातलं, गाडी चालू केली, खाली पुठ्ठा टाकून बघितलं. थेंब नाही. सगळ्यांनी पोहे खाल्ले. भाऊजी म्हणाले, "जतला आक्काकडं जाऊन येऊ, चौघं मिळून. लय दिवस झालं." आक्का म्हणजे ह्या दोघांची थोरली बहीण. मी लगेच हो म्हणाले. चुरमुऱ्याचे लाडूसुद्धा केले.

निघालो त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. भाऊजी चालवत होते, हे शेजारी, आम्ही दोघी मागं. कऱ्हाड गेलं, कडेगाव मागं पडलं, तोवर झकास चाललं होतं. पुढं ऊस संपला, माळ लागला, बाभळी आणि पाण्याचे टँकर दिसायला लागले. एका चढाला काहीतरी सुटल्यासारखा आवाज आला. जावेला जळका वास आला, मला पण आला. आम्ही सांगेपर्यंत इंजिनातून खडखड सुरू झाली, भाऊजींनी गाडी बाजूला घेतली आणि ती आपली आपणच गप्प झाली. मी मागं वळून बघितलं तर चढावरच्या डांबरावर ऑइलची ओली रेघ चमकत होती.

दोघं खाली वाकले. खालच्या बुचाचं भोक उघडं होतं. बूच कुठंतरी रस्त्यावर पडलं होतं. हादऱ्यानं आणि ऑइलच्या दाबानं सैल होत होत उडालं असणार. दोघांनाही एका क्षणात कळलं काय झालंय ते. मला वाटलं, आता होईल. आता हे ओरडतील, तो ओरडेल, आईबाप निघतील, वाटणी निघेल, सगळं एकदाचं बाहेर येईल. मी अक्षरशः वाट बघत उभी राहिले.

भाऊजी म्हणाले, "माझंच राहिलं, दादा."

हे म्हणाले, "न्हाई न्हाई. माझंच चुकलं."

"तुमचं कसं? आवळायचं माझं काम."

"जाऊ दे. झालं ते झालं."

आणि दोघं जीपला पाठ लावून दोन बाजूंना उभे राहिले. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "आवं, भांडा की जरा! इतकं वाटोळं झालं, एक शिवी तरी द्या एकमेकांला." जाऊ तोंडाला पदर लावून हसायला लागली आणि हसता हसता रडायलाच लागली. हे मला म्हणाले, "तू गाडीत बस." भाऊजी मोबाईल काढून टेम्पो बघायला लागले. आक्काकडे जाणं राहूनच गेलं.

इंजिन जाम झालं होतं. नवं इंजिन बसवावं असं आमच्या ह्यांच्या मनात होतं. रात्री अंथरुणावर मला सांगायचे, कुठलं इंजिन बसेल, कुठं मिळेल. मी म्हणायची, भावाला सांगा. म्हणायचे, "त्याला नको आसंल. त्याची नवी गाडी घ्यायची चाललीय. उगा माझ्या भिडंनं व्हय म्हणंल." आणि तिकडे रानातल्या घरात भाऊजी जावेला म्हणत होते की दादांना आता ह्या जुन्या गाडीचा ताप नको असेल, मी म्हटलं तर नाही म्हणवणार नाही त्यांना. आम्हा दोघी जावांना हे एकमेकींकडून कळेपर्यंत जीप भंगारवाल्याच्या ट्रकवर चढली होती. दोघांनी मिळून ढकलत नेली. त्या वेळीही, "तुमाला चालंल ना?" "तुझी हरकत नसली तर."

त्यानंतर भाऊजींचं येणं कमी झालं. राग नाही हो, कसलाच राग नाही. यायला कारणच उरलं नाही. सणाला यायचे, चहा घ्यायचे, पावसाचं बोलायचे आणि उठायचे. मीच कधीकधी मुद्दाम काहीतरी मागायला पाठवायची ह्यांना, की जावा, रानातून हिरव्या मिरच्या आणा. हे जायचे, जावेकडून मिरच्या घ्यायचे आणि परत यायचे.

गेल्या महिन्यात दुपारी भाऊजी आणि जाऊ आली. भाऊजींच्या हातात पेढ्याचा पुडा. "दादा, पोरीचं जमवलं. पोरगा कडेगावचा हाय, फौजेत. परवा सुपारी फोडली."

आमच्याकडे पोरीची सुपारी फोडायला घरातला थोरला माणूस बसतो. बाप असला तरी बाप मागं बसतो, पुढं थोरला चुलता. आमच्या ह्यांनी त्या पोरीला खांद्यावर बसवून गावभर हिंडवलंय. मी ह्यांच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर काही नाही.

भाऊजी खाली बघत म्हणाले, "तुमाला म्हणलं उगा तरास कशाला. उन्हातानाचं."

"बरं केलंस," हे म्हणाले. पेढा घेतला, खाल्ला. "माणसं चांगली हायत ना?"

"चांगली हायत."

जाऊ माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हती. मी चहा टाकला. जाताना भाऊजींनी चपला घातल्या आणि म्हणाले, "साखरपुड्याला या बरं का दादा, वैनी. नक्की या."

"येतू की," हे म्हणाले.

मग हे उठले, टोपी घातली आणि पाव्हण्यांना पोचवायला जातात तसे आपल्या सख्ख्या भावाला फाटकापर्यंत पोचवायला गेले.