टीव्हीचा आवाज

स्नेहसंमेलनात सातवीच्या मुलींनी स्वतःच रचलेलं विनोदी नाटक चाललं होतं. झोकांड्या खात दारुडा बाप दारात आला, तशी धाकटीने धावत जाऊन टीव्हीचा आवाज मोठ्ठा केला. आईने मुकाट्याने पदर खोचला. सभागृह हसून लोळलं. त्यांची बाई म्हणून मीही कौतुकाने हसले. एवढी माणसं एकदम हसली की त्याखाली काय काय ऐकू येईनासं होतं!

नाटक संपल्यावर मी आत गेले. "टीव्हीचं कुणाला गं सुचलं?"

बाप झालेली मुलगी मिशी पुसता पुसता गोंधळली. "सुचलं नाही, बाई. आईचं रडणं शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून करतातच ना? तुमच्याकडे नाही करत?"