जमातीने ठेवून घेतलेली लेन्स

पुस्तकात छापून यावं असं माझ्याकडे काही नाही, तरी लिहायला बसलोय, याबद्दल आधीच क्षमा मागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. लिहिलेलं वाक्य बरोबर आहे का, हे विचारायला घरात कोणी नव्हतं. ती भीती अजून गेलेली नाही. पण ही क्षमा वाचणाऱ्यांची. ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांची मी मागत नाही.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आम्ही पेणकरपाड्याला राहायचो. वडील भाईंदरच्या कारखान्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायचे. मी कॉलेजच्या फोटोग्राफी मंडळात होतो. मंडळ कॅमेरा वापरायला द्यायचं, पण त्यावरची लेन्स साधी. लांबचं काही टिपायचं तर झूम लेन्स ज्याची त्याने आणायची. वर्षअखेरीच्या प्रदर्शनात मला किनाऱ्याकडे परतणाऱ्या होड्यांचा फोटो लावायचा होता, आणि तो साध्या लेन्सने निघत नव्हता. होड्या मुंग्यांएवढ्या यायच्या.

भाईंदर पश्चिमेला एक स्टुडिओवाला वापरलेल्या लेन्स विकायचा. लग्नाची कामं सोडलेल्या फोटोग्राफरांचा माल काचेच्या कपाटात मांडून ठेवलेला असायचा.

"हात नको लावू. पहले बोल, लेना है क्या?"

"बघून सांगतो."

"बघायला हे म्युझियम आहे?"

सगळ्यात स्वस्त होती तीच मी मागितली. खाली धरली की तिची नळी आपोआप घसरायची. उजेडाकडे धरून बघितलं तर काचेच्या आत पांढरे धागे पसरलेले.

"यात बुरशी आहे," मी म्हणालो.

"खाडीची हवा आहे, भाई. सबको लगती है. तुझ्या घरच्या भिंतीला नाही लागली?"

लागली होती. शिकवण्या घेऊन साठवलेलं सगळं त्याच्या काउंटरवर ठेवलं. घरी वडिलांनी लेन्स हातात फिरवून पाहिली आणि म्हणाले, "एवढ्यात पंखा आला असता." नंतर कितीतरी दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

पुढच्या रविवारी मी उत्तनच्या बाजूला गेलो. गावाचं नाव लिहीत नाही. किनाऱ्यावर बांबूंच्या वलांडींवर बोंबील वाळत टांगलेले होते. मी त्यांच्या आडोशाला उभा राहिलो आणि येणाऱ्या होड्यांवर लेन्स धरली. मागून कोणीतरी खांद्याला हिसका दिला. एक म्हातारी होती. तिच्यामागे चार-पाच बायका, मग पुरुषही जमले.

"कंचे बिल्डरचा मानूस तू? मोजनी कराला आयलास?"

"मावशी, मी कॉलेजचा आहे. होड्यांचे फोटो काढतोय."

"कालेजान मोजनी शिकवतान का?"

लोक हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. मला पुढे कळलं, आदल्या महिन्यात काही माणसं तिवईवर दुर्बीण लावून गेली होती, आणि नंतर त्यांच्या मासळी वाळवायच्या जागेत कोणीतरी खुंट्या ठोकल्या होत्या. त्यांचा राग खरा होता, हे मी नाकारत नाही. पण खुंट्या ठोकणाऱ्यांना हात लावायची त्यांची हिंमत झाली नव्हती. मी सापडलो.

एकाने कॅमेऱ्याचा पट्टा ओढला. कॅमेरा कॉलेजचा होता. मी घाईघाईने लेन्स काढली आणि म्हणालो, "कॅमेरा माझा नाही. ही माझी आहे, ही ठेवा." म्हातारीने ती हिसकावून टोपलीत टाकली. गावचा पाटील म्हणाला, "जमात बसंल. मंग बोलू."

जमात म्हणजे त्यांची गावबैठक. होड्या किनाऱ्याला असल्या तरच ती बसायची. पहिल्यांदा गेलो तेव्हा होड्या समुद्रात होत्या. दुसऱ्यांदा गावात मयत झालं होतं. प्रत्येक वेळी वलांडींवरून बायका ओरडायच्या, "आयला बग, मोजनीवाला!" पोरं मागे लागायची. मी मान खाली घालून चालायचो, आणि खरं सांगतो, मनात त्या सगळ्या गावाला शिव्या द्यायचो.

शेवटी देवळासमोर बैठक बसली. मी त्याच लेन्सने आधी काढलेले फोटो नेले होते. त्यात आमचा पाण्याचा नळ होता, कारखान्याचं फाटक होतं. मला बसायला कोणी सांगितलं नाही. फोटो हातोहात फिरले.

"धुकं पडलेलं का?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"नाही. लेन्सला बुरशी आहे. स्वस्तात जुनी घेतली."

"अरं, बुरसटलेले दुर्बिनीनं जमीन कोन मोजल?"

या वेळी मात्र सगळे खरोखर हसले. पाटील म्हणाला, पोराचा गुन्हा न्हाय. मी हात पुढे केला. पाटलाने शेजारच्याकडे पाहिलं, शेजारच्याने देवळाकडे.

"फुडचे बैठकीला ये."

"का? गुन्हा नाही म्हणता ना? मग माझी वस्तू द्या."

"सांगितला ना, फुडचे बैठकीला."

मी त्यांना चोर म्हणालो. तोंडावर, देवासमोर. दोघं उठले आणि मला दंडाला धरून रस्त्यापर्यंत आणून सोडलं. तरीही मी पुढच्या बैठकीला गेलो, तिच्या पुढच्याही. प्रदर्शन माझ्याशिवाय झालं. होड्यांचा फोटो दुसऱ्याच मुलाने लावला, आणि मी त्याच्याशी कधी नीट बोलू शकलो नाही.

त्या गावची एक कोळीण आमच्या चाळीत मासळी विकायला यायला लागली, तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होतो. आई भाव करत होती. बाईने मला ओळखलं आणि पाटी खाली ठेवून बघतच राहिली.

"तू अजून येतंस का रं बैठकीला?"

"माझी लेन्स द्या, म्हणजे येणार नाही."

"ती कशी देतील? म्हातारीनं त्याच दिशी, तू गेल्यावर, खाडीत फेकली. सगल्यांचे समोर."

"मग मला बोलवत का होते?"

"पाटलाची आय ती. तिला कोन बोलंल? दोन-चार खेपा मारून तू कटालशील, असं समद्यांना वाटलेलं. तू थांबलासच न्हाय."