साडूंची कळशी

पाण्याच्या बाबतीत आमच्या साडूंइतका कंजूष माणूस सबंध सोलापूर जिल्ह्यात झाला नाही, आणि ज्या जिल्ह्यात सांगोला आहे त्या जिल्ह्याबद्दल असं म्हणणं ही साधी गोष्ट नव्हे. साडू मूळचे त्या कोरड्या सांगोल्याचेच. एरवी ते दिलदार होते. सोलापुरात शुक्रवार पेठेत त्यांचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान. गिऱ्हाईक घागर घ्यायला आलं की चहा आणि शेंगांची पोळी खाऊन जायचं, घागर न घेता गेलं तरी साडूंच्या कपाळाला आठी पडायची नाही. पण पाणी मागितलं की त्यांचा हात आखडायचा. नाही म्हणायचे नाहीत. उलट, दारात आलेल्याला आधी पाणी द्यायचं, मग 'काय काम काढलं' विचारायचं, हा त्यांच्या घराचा पिढीजात नेम. मात्र फुलपात्र अर्धंच भरलेलं असायचं. "आर्धं प्या. लागलं तर परत मागा की, मी काय पळून चाललोय व्हय? पन उष्टं पानी टाकायचं म्हंजी पाप." लग्नात जेवायला बसायच्या ऐवजी ते पाणी वाढणाऱ्यांच्या मागे फिरत. एकदा एका व्याह्यांनी हात धुताना तांब्या सढळ हातानं ओतला, तर साडू त्यांच्या हाताखाली स्वतःचे हात धरून उभे राहिले. स्वतः परातीत बसून अंघोळ करत आणि ते पाणी तुळशीला की पेरूला, यावरून अक्कांशी वाद घालत. अक्का म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. दुष्काळाच्या साली सगळं गाव पाणी जपायला शिकलं तेव्हा साडूंना फार बरं वाटलं. आपण एकटेच शहाणे नाही, याचा आनंद त्यांना जन्मात तेवढा एकदाच मिळाला.

दुष्काळ सरला आणि दोनेक वर्षांत साडूंना दिसेनासं होऊ लागलं. मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. एक डोळा गेल्यातच जमा होता, दुसराही फार दिवस टिकणार नव्हता. बाहेर आलो तर साडू बाकावर न बसता भिंतीजवळ गेले आणि तिथल्या कॅलेंडरला नाक लावून उभे राहिले. तुतिकोरीनच्या कुठल्याशा मीठवाल्याचं कॅलेंडर होतं ते, सोलापुरात कसं आलं देव जाणे. निळ्या समुद्रातून एक डॉल्फिन उडी मारत होता. साडू बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "साडू, एवढं पानी, आन् त्यातनं ह्यो वर कशाला येतोय?" मी म्हणालो, श्वास घ्यायला येतो, त्याला पाण्यात श्वास घेता येत नाही. "म्हंजी सगळं हाय आन् जे पायजे तेच न्हाय?" त्यांनी मान डोलावली. "आपल्यातलाच हाय की. ह्याला बघायचं. डोळे हायत तवर बघायचं."

मी जन्मतःच दमलेला माणूस आहे, असं आमच्या घरातलं मत आहे आणि ते मला मान्य आहे. कचेरीतून घरी येण्याचा प्रवासही मला जास्त वाटतो. पण ज्याचे डोळे चाललेत त्याला 'मला कंटाळा आलाय' असं कोणत्या तोंडानं सांगणार? मद्रास मेल आमच्याच स्टेशनातून जाते असं सांगून गाडीची सबबही साडूंनी माझ्या हातून काढून घेतली. अक्कांनी कडक भाकरीची चवड आणि शेंगाचटणी बांधून दिली. साडूंनी दुकानातली तांब्याची कळशी घेतली, भरली, तोंडाला ओलं फडकं बांधलं आणि खांद्यावर घेऊन स्टेशनात आले. मी म्हणालो, "अहो, आपण समुद्राला चाललोय." ते म्हणाले, "समुद्र त्येंचा. पानी आपलं आसावं."

त्या प्रवासाबद्दल मी काही सांगणार नाही, कारण आठवलं तरी अजून माझी कंबर दुखते. मद्रासला गाडी बदलली, तिथून खाली तुतिकोरीनपर्यंत पुन्हा तेच, आणि सगळा वेळ माझ्या पायाशी ती कळशी. कोणी बसायला आलं की साडू तिच्यावर हात ठेवायचे. साडूंच्या घरात कन्नड बोलत असल्यामुळे 'खाली सगळीकडं आपलंच चालतंय' अशी त्यांची खात्री होती. बंदरावर त्यांनी एका तमिळ नावाड्याला गाठून कन्नडमध्ये डोळ्यांची सगळी हकीकत सांगितली. तो तमिळमध्ये तितकंच लांबलचक काहीतरी बोलला. मी शेवटी हवेत हातानं उडी मारणारा मासा काढून दाखवला तेव्हा कुठे व्यवहार ठरला. पण त्या दोघांचं बोलणं पुढे दिवसभर थांबलं नाही, आणि एकमेकांचं अक्षरही न कळता त्यांचं इतकं पटलं की मला, म्हणजे सख्ख्या साडूला, जरा वाईटच वाटलं.

समुद्र साडू जन्मात पहिल्यांदा पाहत होते. मला वाटलं होतं, एवढं पाणी पाहून ते हात तरी जोडतील. त्यांनी ओंजळीत घेऊन चाखलं, थुंकलं आणि म्हणाले, "हे सांडलं तरी माजं काय म्हननं न्हाय."

नावाड्याची मोटार लावलेली मासेमारीची होडी आम्हाला घेऊन निघाली. किनारा दिसेनासा झाला, ऊन डोक्यावर आलं, आणि डॉल्फिनचा कुठे पत्ता नाही. साडू काठाला धरून, चांगला डोळा पुढे करून बसले होते. मधूनमधून विचारायचे, "ते काय?" लाट, मी म्हणायचो. "आन् ते?" तीही लाटच. त्यांना आता लाट आणि मासा यातला फरक कळत नव्हता, हे मला तिथे नीट समजलं आणि माझा थकवा एकदम दुप्पट झाला. एवढ्यात नावाड्यानं रिकामा डबा उलटा करून दाखवला. त्याचं प्यायचं पाणी संपलं होतं, त्याला परत फिरायचं होतं. साडूंनी शांतपणे कळशीचं फडकं सोडलं आणि पूजेची तांब्याची पळी काढली. एक पळी नावाड्याला, एक मला, एक स्वतःला. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. मी इतक्या वर्षांत त्या अर्ध्या फुलपात्राची आणि आता या कळशीची जी काही थट्टा केली होती, ती सगळी मला गिळावी लागली. होडी थांबली ती सांगोल्याच्या शहाणपणावर थांबली होती.

आणि साडू तिसऱ्यांदा पळी भरत असताना ते आले. आधी आवाज आला, म्हशीनं नाक फेंदारून सोडावा तसा फुस्स करून. मग एक काळीभोर पाठ, मग दुसरी, मग भोवती सगळीकडे. नावाडी ओरडला आणि त्यानं त्यांच्याकडे होडी अशी गर्रकन वळवली की ती एका अंगावर कलली. एक तर पाण्याबाहेर पूर्ण आला, उन्हात झळकला, हुबेहूब कॅलेंडरातल्यासारखा. "साडू, बघा! बघा!" मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. साडू बघत नव्हते. होडी कलली तशी कळशी कलली होती, आणि साडू तिच्यावर उपडे पडून तिला दोन्ही हातांनी छातीशी कवटाळून होते. समुद्राकडे त्यांची पाठ होती. होडी सरळ झाली, त्यांनी कळशी नीट टेकवली, तोंडाला फडकं बांधलं, गाठ मारली, आणि मग वळून म्हणाले, "कुटं? कुटं हायत?"

समुद्र सपाट झाला होता. आम्ही नंतरही खूप थांबलो, पण ते परत आले नाहीत, आणि वारा सुटला तशी नावाड्यानं होडी माघारी वळवली. मला रडू येत होतं. राग येत होता तो कळशीचा की साडूंचा, तेही कळेना. बंदर दिसायला लागलं तेव्हा साडूंनी पुन्हा फडकं सोडलं, पळीभर गोडं पाणी घेतलं आणि हात लांब करून, डॉल्फिन जिकडे गेले असावेत तिकडे, समुद्रात सोडलं. उभ्या आयुष्यात त्यांना पाणी असं टाकताना मी पाहिलं नव्हतं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "दारापातूर आलते की. पानी दिल्याबिगर कसं जाऊ द्यायचं?"

पुढे तो डोळाही गेला. मी संध्याकाळी कचेरीतून परस्पर शुक्रवार पेठेत जाऊ लागलो. साडू दुकानाच्या पायरीवर बसलेले असायचे. माझी चाहूल लागली की हातानं चाचपत माझ्यापुढे अर्धं फुलपात्र ठेवायचे आणि म्हणायचे, "हं, सांगा." मग मी सांगायचो. तुमच्या दुकानातल्या घासलेल्या हंड्यासारखी पाठ होती, असं सांगायचो. दर खेपेला मी एखादा मासा वाढवायचो आणि ते ओळखायचे. "मागच्या टायमाला कमी हुते की." मी म्हणायचो, वाढले. ते हसायचे. शेवटी नेहमी एकच प्रश्न असायचा. "आन् पानी?" सांडलं नाही, मी सांगायचो. "थेंबबी?" थेंबही नाही. मग ते समाधानानं भिंतीला टेकायचे. मला या सगळ्याचा फार कंटाळा यायचा, आणि एक दिवस चुकला तर चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

आता साडू नाहीत. अजून मी अधूनमधून तिकडे जातो. अक्का बाहेर येतात, बसा म्हणतात आणि पाणी देतात. पाणी अगदी काठोकाठ भरलेलं असतं. मी अर्धं पितो आणि फुलपात्र हातात धरून बसून राहतो. 'हं, सांगा' असं कोणी म्हणत नाही.