राखीचा राहिलेला धडा

एम. ए.च्या शेवटच्या वर्षाला राखीनं ‘इंग्रजीभाषक देशांची संस्कृती’ हा पेपर घेतला आणि तिच्या घरच्यांच्या मागे साडेसातीच लागली. रोज सकाळी ती अनसिंगहून एसटीनं वाशीमच्या कॉलेजात जायची आणि संध्याकाळी एकेक नवी रीत घेऊन परत यायची. आज काय, तर आत शिरताना दारावर टकटक करायची. उद्या काय, तर कोणाला पगार विचारायचा नाही. घरात खोल्या दोन, त्यातल्या एकीला दारच नाही, तरी तिचे वडील रामराव बिचारे चौकटीवर टकटक करून आत यायचे. शेजारचा पवन नोकरीला लागला तेव्हा या घरातून त्याला पगार कोणी विचारलाच नाही. यांना आपला आनंद झाला नाही असं वाटून तो आठवडाभर तोंड फुगवून होता.

थँक्यूचं प्रकरण तर फारच वाढलं. चहाचा कप घेताना राखी आईला थँक्यू म्हणाली, तेव्हा प्रयागबाई आधी हसल्या. दुसऱ्या दिवशी हसल्या नाहीत. चार-पाच दिवसांनी मात्र त्यांनी दिलेला कप परत घेतला. “मी तुही माय हाये का हाटेलवाली?” म्हणाल्या आणि मनापासून दुखावल्या. आपल्या माणसाचे कोणी आभार मानतं का, असा त्यांचा साधा प्रश्न होता. खरं सांगायचं तर त्याचं उत्तर राखीच्या पुस्तकात नव्हतं.

पोरगी हुशार होती, यात वाद नाही. शहाणपणा शिकवायची खोडही जबर होती, यातही नाही. तिला पुढे अमरावतीला जाऊन याच विषयात पीएच.डी. करायची होती आणि त्यासाठी ती जिवाचं रान करायला तयार होती. अडत होतं ते रामरावांपाशी. आता रामराव काही दुष्ट बाप नव्हते. घर सोयाबीन आणि तुरीवर चालायचं, पण अभ्यासातून उठवून त्यांनी लेकीला कधी वावरात नेलं नाही. डॉक्टरकी त्यांना कळत होती, मास्तरकी कळत होती. परक्या लोकांच्या खाण्याबोलण्याच्या पद्धतींवर आणखी काही वर्षं घालवायची, हे काही त्यांच्या गळी उतरेना. एक दिवस ते सरळच बोलले.

“लोकायच्या रीती शिकून आपल्या कोनाले काय फायदा व्हते, थे एक डाव दाखव. मंग अमरावतीचं पाहू.”

राखीनं ते मनाला लावून घेतलं. आणि तिच्या नशिबानं त्याच सुमारास कॉलेजात महिनाभरासाठी आयर्लंडहून नोरा नावाची एक तरुण शिक्षिका आली. तिला एखाद्या गावातलं घर पाहायचं होतं. कोण नेतं, असं सरांनी विचारायचा अवकाश, राखीचा हात वर.

रविवारी रोडग्यांचा बेत ठरला. शनिवारी राखीनं घरच्यांचा वर्ग घेतला. वय विचारायचं नाही, लग्न झालं का विचारायचं नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आग्रह करायचा नाही. इंग्रजी बोलणारा माणूस ‘नको’ म्हणाला की विषय संपला. त्याउपर वाढणं म्हणजे त्याचा अपमान. हे ऐकून प्रयागबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांच्या ताटावरून आजवर कोणी पहिल्या नकारावर सुटलं नव्हतं. त्यांचा सख्खा भाऊ जेवून उठताना भिंतीला धरून उठायचा. पण लेकीच्या अमरावतीचा सवाल होता, म्हणून त्यांनी मान डोलावली.

नोरा आली. गोरीपान, उंच, उन्हानं लाल झालेली. मांडी घालता येईना म्हणून पाय एका बाजूला घेऊन बसली. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेला कणकेचा रोडगा राखीनं तिला वरणात कुस्करून दाखवला, वर तुपाची धार धरली आणि सोबत वांग्याची भाजी वाढली. बाईनं पहिला घास खाल्ला आणि मग मान वर केली नाही. ताट बघता बघता चाटूनपुसून लख्ख. प्रयागबाई दुसरा रोडगा घेऊन धावल्या. नोरा हसून नको म्हणाली. प्रयागबाईंनी लेकीकडे पाहिलं, लेकीनं डोळे वटारले, रोडगा टोपल्यात परत गेला. भाजीचंही तेच झालं.

राखीची छाती अभिमानानं फुगली. तिनं बापाकडे पाहिलं, की बघा, कसं सगळं रीतसर चाललंय. रामराव मात्र पाहुणीकडे बघत होते. रिकाम्या ताटापुढे ती नुसती बसून होती आणि तिची नजर राहून राहून टोपल्याकडे जात होती. उठायचं चिन्ह नव्हतं. असं जेवण त्या घरात कधी झालं नव्हतं.

शेवटी प्रयागबाईंना राहवेना. अमरावती गेली खड्ड्यात, असं मनाशी म्हणत त्या उठल्या आणि नोरा नको नको म्हणत असताना त्यांनी रोडगा ताटात टाकला, वर वाटीभर वरण ओतलं. राखीनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा नोरा रोडगा कुस्करत होती. त्यानंतर तिनं आणखी एक घेतला, तोही आधी नको म्हणूनच. मग पोटाला हात लावून ती खळखळून हसली आणि राखीला इंग्रजीत बरंच काही सांगत सुटली. ऐकता ऐकता राखीचे कान तापले.

“काय म्हनून राह्यली थे?” रामरावांनी विचारलं.

आता या घरात इंग्रजी कळणारी राखी एकटीच. पाहुणीला स्वयंपाक फार आवडला, एवढं सांगून तिला सहज वेळ मारून नेता आली असती. अमरावतीही वाचली असती. पण ती बापाकडे वळली.

“थे म्हनते, तिच्या गावीबी पयलं ‘नको’ खरं नसते. दोनदा नको म्हनावं आनि तिसऱ्यांदा घ्यावं. पयल्याच झटक्याले घेतलं तं मानूस हावरट ठरते. आपल्या घरी कोनी दुसऱ्यांदा विचारलंच नाई, तं तिले वाटलं रोडगे मोजकेच हायेत. माहं चुकलं, बाबा. म्या पाहुनीले आपल्या घरात उपाशी बसवलं.”

पुस्तकात हे नव्हतं का, असं रामरावांनी विचारलं. राखीनं खाली मान घालून खरं ते सांगितलं. इंग्लंड, अमेरिकेचे धडे तिनं तोंडपाठ केले होते. आयर्लंडचा धडा सगळ्यात शेवटी होता. त्यावर परीक्षेत प्रश्न येत नाही म्हणून सरांनी तो सोडला, आणि सरांनी सोडला म्हणून तिनंही.

रामरावांनी पाहुणीच्या ताटाकडे पाहिलं. नोराला काय चाललंय ते कळेना, ती एकदा बापाकडे, एकदा लेकीकडे बघत होती.

“एक रीत ठाऊक नव्हती, तं पाहुनी उपाशी उठली असती,” रामराव म्हणाले. “म्हंजे याचा उपेग हाये. मंग अर्धं कायले सोडतं? जाय अमरावतीले.”

राखीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तोंडात थँक्यू आलं होतं, ते तिनं गिळलं आणि आईपुढे ताट केलं. तिनं सकाळपासून काहीच खाल्लं नव्हतं.